धरण उशाला, कोरड घशाला



पाण्याच्या कांठीं राहून तहानलेलें असण्याला मराठींत एक नेमकी म्हण आहे : धरण उशाला आणि कोरड घशाला. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या कांठच्या गांवांत ही म्हण भाषेचा अलंकार म्हणून कोणी वापरीत नाहीं. तिथल्या माणसांनीं ती भोगलेली आहे. आजचा माझा विषय मात्र पाटबंधाऱ्यांचा नाहीं. संगणकाची आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण सर्वजण आतां सॉफ्टवेअर म्हणतों, तें तयार करतांना कोणतें काम आधीं करावें आणि कोणतें मागाहून, हा तो विषय आहे. पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतील मुलगी किंवा सून आज हिंजवडीच्या नाहीं तर ऐरोलीच्या कचेरींत हेंच काम करीत असते, आणि रात्रीं पानावर बसल्यावर 'ॲजाइल', 'स्प्रिंट', 'बॅकलॉग' असले शब्द तिच्या तोंडून घरच्यांच्या कानांवर पडतात. त्या शब्दांच्या आड जी एक साधी दिसणारी पण अवघड गोष्ट आहे, ती समजून घेण्यास उजनीसारखें दुसरें उदाहरण मला सांपडलेलें नाहीं.

उजनी धरणाच्या कामाला १९६६ सालीं आरंभ झाला आणि १९८० सालीं धरण पुरें झालें. यशवंतसागर हें त्याच्या जलाशयाचें नांव. तो तुडुंब भरला म्हणजे त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा आणि माढा, पुणे जिल्ह्यांतील इंदापूर आणि दौंड, आणि त्या वेळच्या अहमदनगर म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कर्जत, इतक्या तालुक्यांत त्याचा फुगवटा पसरलेला आहे. पळसदेवचें जुनें दगडी देऊळ त्यांत बुडालें. उन्हाळ्यांत पाणी खूप ओसरलें कीं तें पुन्हां उघडें पडतें आणि शहरांतून माणसें तें पाहावयास जातात. त्यांना देऊळ दिसतें. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना देवळाभोंवतीं असलेलें गांव आठवतें.

आतां धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें या कामाकडे पाहूं. त्याला भिंत नको असते, दरवाजे नको असतात, खरें म्हणजे कालवाहि नको असतो. त्याला आपल्या ज्वारीच्या सऱ्यांत वेळेवर पाणी हवें असतें. तें येण्यासाठीं आधीं भिंत उभी राहावी लागते, मग मुख्य कालवा खणावा लागतो, मग कालव्यापासून वितरिका, वितरिकेपासून उपवितरिका, आणि शेवटीं बांधापर्यंत जाणारी शेतचारी. उजनीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे शंभर किलोमीटरांहून अधिक लांब आहेत. या साखळींतील शेवटची हातभर चारी खणली जाईपर्यंत आधींच्या सर्व खर्चांतून त्या शेतकऱ्याच्या पदरांत कांहींच पडत नाहीं. 'भिंत शंभर टक्के, कालवा ऐंशी टक्के' असें अहवालांत लिहितां येईल, आणि तें खोटेंहि नसेल. पण वाफा कोरडाच असतो. काम पुढें सरकणें ही एक गोष्ट, आणि त्याचा उपयोग कोणाच्या तरी हातीं पडणें ही दुसरी. या दोहोंची गल्लत आपल्याकडे इतकी अंगवळणीं पडलेली आहे कीं ती गल्लत आहे हेंच आपल्या ध्यानांत येत नाहीं.

यांत इंजिनियरांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. अर्धी भिंत अर्धें पाणी अडवीत नाहीं. पहिल्याच मोठ्या पुरांत ती वाहून जाते. धरणाच्या कामाचा क्रम नदीनें आणि गुरुत्वाकर्षणानें ठरवून दिलेला असतो, त्यापुढें कोणाचें चालत नाहीं. सॉफ्टवेअरला असें बंधन नाहीं. तें आज थोडें, उद्यां थोडें असें करीत देतां येतें, दिलेलें बदलतां येतें, नको तें काढून टाकतां येतें. मला आश्चर्य वाटतें तें याचें कीं, बंधन नसतांनाहि कित्येक वर्षें लोक सॉफ्टवेअर धरणासारखेंच बांधीत होते.

त्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. विन्स्टन रॉइस नांवाच्या एका अमेरिकन तंत्रज्ञानें १९७० सालीं एक निबंध लिहिला. मोठी आज्ञावली तयार करावयाची तर आधीं सर्व गरजा लिहून काढाव्या, मग आराखडा करावा, मग आज्ञा लिहाव्या, मग तपासणी करावी आणि शेवटीं ती वापरणाराच्या हातीं द्यावी, अशा पायऱ्यांचें चित्र त्यानें त्यांत काढलें. पायरीपायरीनें खालीं उतरणाऱ्या या पद्धतीला पुढें इतरांनीं 'धबधबा' असें नांव दिलें. गंमत अशी कीं, इतकें सरळ उतरत जाणें धोक्याचें आहे असा इशारा रॉइसनें त्याच निबंधांत दिला होता. लोकांनीं चित्र तेवढें उचललें आणि इशारा सोडून दिला. मग व्हावयाचें तें झालें. दोन दोन, तीन तीन वर्षें खपून केलेलें सॉफ्टवेअर ग्राहकापुढें येई, तेव्हां त्याची गरज बदललेली असे, किंवा मुळांत जी गरज कागदावर लिहिली होती ती त्याची नसून त्याच्या वरिष्ठाची होती, असें उघडकीस येई. पाणी आलें तेव्हां शेतच विकलेलें, असा तो प्रकार.

फेब्रुवारी २००१ मध्यें अमेरिकेच्या यूटा राज्यांत स्नोबर्ड येथें सतरा तंत्रज्ञ एकत्र जमले आणि त्यांनीं एक लहानसें घोषणापत्र काढलें. ॲजाइल, म्हणजे चपळ, हा शब्द या अर्थानें तेव्हांपासून रूढ झाला. त्या घोषणापत्राला जोडून बारा तत्त्वें आहेत. त्यांतील पहिल्याचा आशय असा, कीं ग्राहकाला मोलाचें वाटेल असें सॉफ्टवेअर लवकर आणि सतत देत राहून त्याचें समाधान करणें, हें आमचें सर्वांत वरचें काम. यांतील 'लवकर' आणि 'सतत' हे शब्द लोकांनीं पटकन घेतले. 'मोलाचें' हा शब्द मात्र मागें राहिला, आणि आज मला बोलावयाचें आहे तें मुख्यतः त्या शब्दाविषयीं.

ही पद्धति चालते अशी. जीं जीं कामें करावीं असें कोणालाहि वाटतें, त्यांची एक यादी असते, तोच बॅकलॉग. या पद्धतींच्या कुळांतील 'स्क्रम' ही जी सर्वांत प्रचलित रीत, तींत ही यादी एका माणसाच्या हवालीं केलेली असते. त्याला 'प्रॉडक्ट ओनर' म्हणतात, आणि यादींतील क्रम लावणें हें त्याचें मुख्य काम. पंधरवड्याचा, फार तर महिन्याचा, एक टप्पा करावयाचा, तो स्प्रिंट. त्या टप्प्यांत यादीच्या माथ्यावरचीं जितकीं कामें पुरीं होण्याजोगीं असतील तितकींच हातीं घ्यावयाचीं, पण जीं घेतलीं तीं वापरतां येतील इतकीं पुरीं करावयाचीं. टप्प्याच्या शेवटीं तीं ग्राहकापुढें ठेवावयाचीं, तो काय म्हणतो तें ऐकावयाचें आणि यादी नव्यानें लावावयाची.

'वापरतां येतील इतकीं' या शब्दांवर सारा भर आहे. पहिल्या महिन्यांत सर्व पडद्यांचीं चित्रें, दुसऱ्या महिन्यांत सर्व माहितीचीं कोठारें, तिसऱ्या महिन्यांत त्यांची जोडणी, असें करणें म्हणजे पुन्हां धरणच. फक्त त्याचे महिने पाडले. त्याऐवजीं ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा एक लहान बंधारा घालावा, त्यावर एकच पंप, एकच चारी आणि दहा शेतें. पुढच्या हंगामांत दुसरा बंधारा. पहिल्या वर्षीं दहाच शेतें भिजतात, पण भिजतात. आणि त्या दहा शेतांवरून दुसरा बंधारा कोठें घालावा हें कळतें.

आपल्या राज्यांतील एका सॉफ्टवेअरवरून हें अधिक स्पष्ट होईल. सातबाऱ्यांतील 'बारा' म्हणजे गांवनमुना बारा; कोणत्या गटांत कोणतें पीक उभें आहे याची नोंद त्यांत असते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी, अशा प्रसंगीं ती नोंद पाहिली जाते. शहरांत राहणाराला ती एक सरकारी ओळ वाटेल. पण केळीची बाग वाऱ्यानें आडवी झालेल्या शेतकऱ्याला विचारा. त्या ओळींत 'केळी' हा शब्द असला तर त्याची बाग होती, नसला तर ती नव्हतीच. ही नोंद करण्याचें काम पूर्वी तलाठ्याकडे असे, आणि एकेका तलाठ्याकडे कित्येक गांवें असत. (तलाठ्याला आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गांवाच्या तोंडीं तो तलाठीच आहे.) १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' हें ॲप राज्यभर सुरू झालें. शेतकऱ्यानें आपल्या गटांत उभें राहावें, फोनवर पीक नोंदावें, त्याचें छायाचित्र काढावें आणि पाठवून द्यावें. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश रेखांश जातात, म्हणजे घरीं बसून दुसऱ्याचा ऊंस आपला म्हणून दाखवितां येत नाहीं.

असलें ॲप करावयाचें ठरलें म्हणजे त्यांत काय काय घालावें याला अंत नसतो. हवामान घाला, बाजारभाव घाला, खतांची माहिती घाला, यशस्वी शेतकऱ्यांच्या मुलाखती घाला. प्रत्येक सूचना चांगली असते आणि प्रत्येक सूचनेमागें कोणी तरी मोठा माणूस असतो. पण शेतकऱ्याच्या लेखीं मूल्य एकाच गोष्टींत होतें : माझें पीक माझ्या सातबाऱ्यावर मुदतीच्या आंत लागलें कीं नाहीं. एवढें एक झालें तर बाकी कांहीं नसलें तरी चालतें, आणि हें नसलें तर बाकी सर्व असूनहि तें ॲप कोरडा कालवा.

जवळ जवळ एक वर्षानंतर, १ ऑगस्ट २०२२ रोजीं, त्याची दुसरी आवृत्ति आली. तींत काय बदललें तें पाहण्यासारखें आहे. केलेली नोंद चुकली तर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत शेतकऱ्याला ती स्वतः दुरुस्त करतां येऊं लागली. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिकें लिहिण्याची सोय झाली. शेतकऱ्यानें केलेली नोंद स्वयंप्रमाणित मानावी आणि तलाठ्यानें त्यांतील दहा टक्के तेवढ्या तपासाव्या, असें ठरलें. काढलेलें छायाचित्र त्या गटापाशीं आहे कीं दूर, हें ओळखण्याची योजना झाली. या यादींत एकहि दिखाऊ गोष्ट नाहीं. करमाळ्याकडे तुरींत उडीद घेणाराला दोन पिकांपैकीं एकच लिहितां आलें तर काय होतें, किंवा 'ज्वारी'वर ठेवावयाचें बोट 'ऊंसा'वर पडलें तर तालुक्याला किती हेलपाटे घालावे लागतात, हें शेतांत वापर झाल्यावांचून कचेरींत कोणाला सुचतें कीं नाहीं, याची मला शंका आहे. माझ्या मतें या साऱ्यांत अठ्ठेचाळीस तासांची सोय सर्वांत मोलाची. ती दिसावयास सर्वांत लहान आहे, आणि पहिल्यापासून यादीच्या माथ्यावर असावी अशी आहे. कारण ज्याला स्वतःची चूक स्वतः सुधारतां येत नाहीं तो माणूस यंत्राला भितो आणि पुढच्या हंगामांत नोंदच करीत नाहीं.

ग्राहकाचें मूल्य आधीं, हें बोलावयास सोपें आहे. पण ग्राहक कोण? येथें पुन्हां उजनीच्या पाण्यापाशीं जावें लागतें.

या जलाशयांतील सुमारें ११७ अब्ज घनफुटांपैकीं जवळ जवळ साडेत्रेपन्न अब्ज घनफूट हा उपयुक्त साठा, आणि साडेत्रेसष्ट अब्ज घनफुटांच्या आसपास मृतसाठा मानला जातो. म्हणजे निम्म्याहून अधिक पाणी मोजणीच्या रेषेखालचें आहे. ती रेषा म्हणजे शून्य टक्के. म्हणून उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत 'उजनी उणे वीस टक्के' असे मथळे येतात आणि शहरांतील वाचक बुचकळ्यांत पडतो, कीं तळें शून्याहून रिकामें होतें तरी कसें! तें रिकामें झालेलें नसतें. कालव्याच्या शेवटाला असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें संपलेलें असतें. त्याच वेळीं करमाळा तालुक्यांत कुगांव, कंदर या बाजूला, फुगवट्याच्या कांठीं, ज्याचा पंप पाण्यांत आहे त्याच्या केळीला आणि ऊंसाला पाणी चालूंच असतें. फक्त पाणी मागें सरलें तसा त्याला पाइप पुढें पुढें न्यावा लागतो आणि केबल वाढवावी लागते. भिगवणच्या बाजारांत चिलापी विकणाऱ्या मच्छीमाराला टक्क्यांशीं कर्तव्य नाहीं; तो पाण्याची खोली पाहतो. आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनींत जो गाळपेर करतो, त्याच्या दृष्टीनें तर पाणी उतरणें हेंच मूल्य! एकच जलाशय, एकच दिवस, आणि एकाच्या लेखीं शून्य तें दुसऱ्याच्या लेखीं भांडवल.

सॉफ्टवेअरचें असेंच असतें. पीकनोंदीच्या ॲपचेंच उदाहरण पुढें चालवूं. मंत्रालयांतील अधिकाऱ्याला राज्यांत कोणत्या पिकाखालीं किती क्षेत्र आहे तो आंकडा हवा असतो. तलाठ्याला आपला भार हलका व्हावा असें वाटतें. विमा देणाराला खोटी नोंद पकडावयाची असते. शेतकऱ्याला आपली खरी नोंद लागावी एवढेंच हवें असतें. हे चौघेहि ग्राहकच, आणि चौघांचेंहि म्हणणें रास्त. अडचण अशी कीं, पैसे देणारा आणि बैठकीला येणारा असतो पहिला, आणि ज्याच्या वापरावर सर्व अवलंबून आहे तो असतो चौथा. बैठकीला त्याची खुर्ची नसते. शेतकऱ्यानें नोंदच केली नाहीं तर मंत्रालयांतील आंकडाहि खोटा, विम्याची तपासणीहि व्यर्थ. म्हणून क्रम लावतांना पहिल्यानें विचारावयाचें तें हें, कीं कोणाचें काम झाल्यावांचून बाकीच्यांचें होतच नाहीं.

मोजमापाची आणखी एक गोष्ट सोलापूर शहरावरून सांगतां येते. शहराला पिण्याचें पाणी पोहोंचविण्यासाठीं उजनींतून भीमेच्या पात्रांत पाणी सोडतात, आणि तें शंभराहून अधिक किलोमीटर वाहत औजच्या बंधाऱ्यापर्यंत नेतात. वाळू तें पिते, ऊन तें पितें, कांठचे पंपहि पितात. शहर जेवढें पितें त्याहून पुष्कळ अधिक पाणी यासाठीं सोडावें लागतें. उजनीहून शहरापर्यंत थेट नळ घालण्याचें कारण हेंच. सोडलेलें पाणी मोजलें तर नदीची रीत भव्य दिसते. घागरींत पडलेलें मोजलें तर नळ बरा. सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांतहि आपण या टप्प्यांत किती कामें संपविलीं याचा मोठा आलेख भिंतीवर लावतात. तें सोडलेलें पाणी होय. घागरीचा आलेख क्वचितच लावलेला असतो, कारण तो काढावयाला घागरीपर्यंत जावें लागतें.

आतां क्रमाचा प्रश्न. ज्याला कालव्यांची माहिती आहे त्याला 'हेड' आणि 'टेल' हे शब्द ठाऊक असतात. कालव्याच्या तोंडापाशीं असलेल्याला पाणी आधीं आणि हवें तेवढें मिळतें. टेलच्या शेतकऱ्यापर्यंत तें पोहोंचतांना त्याची धार होते. उजनीच्या शेजारीं, इंदापूर तालुक्यांत भीमेला मिळणाऱ्या नीरा नदीच्या कालव्यांवर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीहि होता. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबई इलाख्याच्या नोकरींत असलेल्या विश्वेश्वरय्यांनीं त्यावर 'ब्लॉक पद्धति' काढली. ऊंसाला हवें तितकें पाणी ओढून घेण्यास मुभा देण्याऐवजीं प्रत्येक गांवांत योग्य जमिनीचे ठराविक तुकडे निवडावे, त्यांतच पाणी द्यावें, ऊंस आणि इतर पिकें यांची फेरपालट ठरवून द्यावी, आणि अशा रीतीनें तेंच पाणी अधिक गांवांपर्यंत न्यावें, अशी ती कल्पना होती. पाणी वाढलें नाहीं. क्रम आणि वांटणी बदलली.

बॅकलॉगलाहि हेड आणि टेल असतें. मोठ्या आवाजाच्या खात्याचीं, वारंवार फोन करणाऱ्या साहेबांचीं, किंवा तंत्रज्ञांना स्वतःला करण्यास गोड वाटणारीं कामें तोंडापाशीं जमतात. ज्याला तक्रार कोठें करावी हेंच माहीत नाहीं त्याचें काम टेलला जाऊन सुकतें. प्रॉडक्ट ओनर जर आलेल्या मागण्या आवाजाच्या क्रमानें मांडून देत असेल तर तो पाटकरी नव्हे, पाटाचें नुसतें दार आहे. जो उघडील त्याला पाणी.

क्रम लावण्याची एक रीत अशी आहे, कीं प्रत्येक काम लांबणीवर पडलें तर दर आठवड्याला नुकसान किती, हें आधीं काढावें. डोनाल्ड रायनर्टसन या लेखकानें २००९ सालच्या आपल्या पुस्तकांत या 'विलंबाच्या किंमती'वर फार भर दिला आहे. आपल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी नाहीं. ज्वारी पोटरींत असतांना मिळालेली पाण्याची एक पाळी आणि तीच पाळी तीन आठवड्यांनीं, यांत पाणी तेवढेंच असतें. पण दुसरीचें मोल शून्य. आतां थोडा हिशेब करूं. आंकडे माझे आहेत, केवळ समजुतीसाठीं. समजा, यादींत दोन कामें आहेत. एक, चुकलेली नोंद दुरुस्त करण्याची सोय. ती नसल्यानें दर आठवड्याला शेतकऱ्यांचे ३०० हेलपाटे फुकट जातात, आणि ती करण्यास एक आठवडा लागेल. दुसरें, गटाचा नकाशा दाखविण्याची सोय. ती नसल्यानें आठवड्याला ६०० हेलपाटे पडतात, पण ती करण्यास सहा आठवडे लागतील. कोणतें आधीं? बहुतेक जण दुसरें म्हणतील, कारण तें दुप्पट मोठें. तसें केलें तर नकाशा होईपर्यंत सहा आठवडे ६०० प्रमाणें ३६०० हेलपाटे, आणि दुरुस्तीची सोय सातव्या आठवड्याच्या अखेर येणार म्हणून ३०० प्रमाणें २१००, एकूण ५७००. उलट केलें तर दुरुस्तीचे ३०० आणि नकाशाचे सात आठवड्यांचे ४२००, एकूण ४५००. काम तेंच, माणसें तींच, वेळ तोच, आणि केवळ क्रमानें १२०० हेलपाटे वांचले. एका हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चें भाडें धरा, म्हणजे ते किती मोठे आहेत तें कळेल.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो आणि तो खोटा नाहीं. ग्राहकाला आज जें दिसतें तेवढेंच करीत गेलें तर न दिसणारें पण आवश्यक असें काम मागें पडतें : माहितीची सुरक्षितता, जुन्या आज्ञांची साफसफाई, भार वाढल्यास यंत्रणा टिकावी म्हणून करावयाची तयारी. धरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर पायांतील गळती कोणत्याहि शेतकऱ्याच्या मागणीपत्रांत नसते. पीकनोंदीच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशीं लाखो शेतकरी एकदम ॲप उघडतात. त्या दिवशीं तें बंद पडलें तर आधींच्या सर्व सोयी फुकट. तेव्हां असलीं कामें मूल्याच्या विरुद्ध नव्हेत. त्यांचें मूल्य ग्राहकाला कळेल अशा शब्दांत सांगावें लागतें एवढेंच. 'सर्व्हरची फेररचना' असें यादींत लिहिलें तर तें वर येणार नाहीं. 'शेवटच्या दिवशींहि नोंद व्हावी' असें लिहिलें तर तें कोणी खालीं ढकलणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा, कीं क्रम सारखा बदलत राहिला तर कामाला स्थैर्य येत नाहीं. याचें उत्तर मला महाराष्ट्राच्या जलनीतींत दिसतें. २००३ सालच्या जलनीतींत पाण्याच्या वांटपाचा क्रम पिणें, उद्योग आणि मग शेती असा होता. २०११ सालीं तो बदलून पिण्यानंतर शेती आणि तिच्यामागून उद्योग असा करण्यांत आला. क्रम बदलला, पण तो आधीं लिहिलेला होता, म्हणून तो बदलला आहे हें सर्वांना दिसलें आणि त्यावर वाद घालतां आला. पिण्याचें पाणी मात्र दोन्ही वेळां पहिलेंच राहिलें. यादीचा माथा सहसा हलत नाहीं. हलतें तें मधलें. जी यादी कोणाच्या तरी डोक्यांत असते तीच खरी अस्थिर, कारण ती केव्हां बदलली हें त्यालाहि सांगतां येत नाहीं.

शेवटीं, टप्प्याच्या अखेरीस केलेलें काम दाखवावयाचें तें कोठें, याविषयीं थोडेंसें. बहुधा तें कचेरींत, थंड खोलींत, मोठ्या पडद्यावर दाखवितात, आणि तेथें सर्व कांहीं चालतें. उजनीच्या फुगवट्याकांठच्या एखाद्या शिवारांत दुपारीं बारा वाजतां तोच प्रयोग करून पाहावा. उन्हांत पडदा दिसत नाहीं. फोनची रेंज एका विशिष्ट बांधावर उभें राहिलें तरच येते. फोन असतो घरांतल्या दहावीच्या मुलीचा, आणि ती संध्याकाळीं शाळेंतून येते. म्हणजे जो गटांत उभा राहणार त्याच्या हातीं फोन नाहीं आणि जिच्या हातीं फोन आहे ती गटांत नाहीं. ज्यानें यादी लावली त्यानें अशा वेळीं शेतकऱ्याला समजावून सांगूं लागूं नये. गप्प उभें राहून पाहावें, बोट कोठें अडतें, कोणत्या शब्दापाशीं माणूस थांबून शेजाऱ्याकडे पाहतो, तें टिपून घ्यावें. कचेरींत परत गेल्यावर यादी उघडावी, त्या टिपणाप्रमाणें वरचीं चार पांच कामें पुन्हां लावावीं, आणि गेल्या वर्षभरांत ज्यांची कोणत्याहि शिवारांत कोणीहि विचारपूस केली नाहीं, तीं खालचीं कामें खोडून टाकावीं.